पहिलीतलं नाव

सत्तराव्या वर्षी अक्षरं शिकल्यावर अनुसयाबाईंनी पहिला अर्ज लिहिला तो माहितीच्या अधिकाराचा, गावातल्याच शाळेला. ‘पहिलीतून माझं नाव कोणी काढलं?’

हेडमास्तर दिपाली मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. “आजी, इतक्या वर्षांनी कायले खोदून राहिल्या? आता कोनाले सजा देता?”

“सजा नाही वो. बाप म्हने मास्तरनं काढलं, मास्तर म्हने बापानं काढलं. दोघंही गेले. खोटं कोन बोललं, येवढं कळू द्या.”

कपाटाच्या तळातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर निघालं. कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या. अनुसयाबाईंनी बोट ठेवून एकेक ओळ स्वतःच वाचली. नाव सापडलं, दाखल झाल्याची तारीखही होती. नाव काढल्याचा रकाना मात्र कोरा होता.

“म्हनजे कोनीच नाही काढलं? बापानं मले कापूस वेचनीले नेलं, अन् मंग शाळेत कोनी बोलावलंच नाही?”

“तसंच दिसते, आजी.”

“म्हनजे माहं नाव अजून पहिलीत हाये?”

“कागदावर तर हाये,” मॅडम हसल्या.

अनुसयाबाई उठल्या, पहिलीच्या वर्गात जाऊन मुलींच्या ओळीत बसल्या.

“मंग हाजरी घ्या, मॅडम.”