लिथुआनियासाठी एक मत

मॉस्कोने यंदाही खारवलेल्या हेरिंग माशांची पिंपं उचलली, तर ग्रीमुरच्या कारखान्याला नवं शीतगृह मिळणार होतं. पण सोव्हिएत संघातून फुटून निघालेल्या लिथुआनियात सोव्हिएत रणगाडे घुसले होते, आणि त्याला स्वतंत्र देश म्हणून मान्यता द्यायची की नाही, यावर उद्या आइसलँडच्या संसदेत मतदान होतं. खासदार सिग्नीच्या घरचा नंबर फोनच्या पुस्तकात होताच. ग्रीमुर काल संध्याकाळपासून तो फिरवत होता, पण फोन सारखा गुंतलेला. आज एकदाचा लागला.

“सिग्नी, अगं अडीच लाखांचा आपला देश. आपल्याला भिऊन रणगाडे मागे फिरणार आहेत का? तू विरोधात मत दे. मॉस्कोने माल नाकारला, तर माझ्याकडे मासे खारवणाऱ्या चाळीस बायका घरी बसतील.”

“त्यांचेच फोन येताहेत कालपासून.”

“बघ. मी वेगळं काय सांगतोय?”

“अडतीस फोन आले, ग्रीमुर. उरलेल्या दोघींना लाइन मिळाली नसेल. प्रत्येकीने नाव सांगितलं, तुझ्याकडे काम करते हेही सांगितलं. आणि म्हणाली, आमचं काम गेलं तर जाऊ दे, तू मान्यतेच्या बाजूने मत दे.”

ग्रीमुरने फोन ठेवला. ऑफिसच्या काचेपलीकडे त्या बायका रोजच्यासारख्या खाली माना घालून मासे साफ करत होत्या.

सिग्नीने बाजूने मत दिलं, लिथुआनियाला मान्यता मिळाली, आणि मॉस्कोने माल खरंच नाकारला. किंमत त्या चाळीसजणींनी मोजली, आणि सिग्नीला तक्रारीचा फोन मात्र एकीनेही केला नाही.