मागची जागा

नाट्यगृहाच्या दारातल्या फलकापाशी बिरप्पा थांबला आणि त्याने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"वैनी, फोटू समदा बाईचाच हाय. आपलं पोरगं कुटं हाय?"

"आसंल की खाली कुटंतरी," अंबुबाई म्हणाली. होतंच. अगदी तळाला, बारीक अक्षरात: पियानो व संगीत संयोजन, जोतिराम.

गेली तीस वर्षं जोतिराम पुण्या-मुंबईच्या गायिकांची गाणी जॅझच्या ढंगात बांधून देत होता आणि त्यांच्या मागे बसून पियानो वाजवत होता. त्याला ऐकायचा योग त्याच्या आईला, अंबुबाईला, मात्र आज आला, सोलापुरातच कार्यक्रम लागला म्हणून. जन्मभर मेंढरं राखलेली ही बाई. गावात कुणी लेकाचं विचारलं, की "मागं बसून वाजवतोय" म्हणायची आणि विषय बदलायची. हे जोतिरामला ठाऊक होतं. पन्नाशीच्या माणसालाही आईपुढे पास व्हायचं असतं.

पडदा उघडला. फलकावरच्या गायिका चेतनाताई मधोमध उजेडात. जोतिराम डावीकडे अंधारात, अर्धा पियानोआड. बिरप्पाने मान वाकडी करकरून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला.

तिसरं गाणं नवीन होतं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी चेतनाताईंनी श्वास घेतला आणि ओळच आठवेना. ओठ उघडे, आवाज नाही. जोतिरामने पुढे जायचं थांबवलं. मागचेच चार सूर जरासे बदलून वाजवले. पुन्हा वाजवले. मग त्या विसरलेल्या ओळीची चाल उजव्या हाताने हलकेच वाजवली आणि थांबला. चालीमागून शब्द आले. चेतनाताईंनी ती ओळ अशी काही उचलली, की लोकांना वाटलं हे असं बसवलेलंच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळा चेतनाताईंसाठी.

अंबुबाई टाळ्या वाजवत नव्हती. डोळ्यांवर आडवा हात धरून ती डावीकडच्या अंधारात बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर दीर-भावजय पडद्यामागे आली. चेतनाताईंच्या हातात न मावतील एवढे गुच्छ होते. बिरप्पाला राहवलं नाही. "पोरा, झ्याक वाजीवतोस. पर तीस वर्सं मागंच की रं. म्होरं कवा येनार?"

जोतिराम आईकडे बघत राहिला.

"बाई वाट चुकली व्हती," अंबुबाई म्हणाली. चेतनाताई चमकून वळल्या. "ती थांबली, तवा तू बी थांबलास. वरडला न्हाईस, हाकललं न्हाईस. मागनं जाऊन गुमान वाटंवर आणलीस."

"हजार माणसांत कुणाला कळलं नाही," चेतनाताई हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं, आजी?"

"जलम कळपामागं गेलाय, बाई." मग ती दिराकडे वळली. "आन् भावजी, तुमी मेंढरं राखताना म्होरं चालता व्हय?"

बिरप्पाने पागोटं नीट केलं.

इतक्यात फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं. जोतिराम सवयीने मागच्या रांगेत गेला. चेतनाताई जोतिरामचा हात धरून त्याला पुढे ओढू लागल्या.

"ऱ्हाऊ द्या," अंबुबाई म्हणाली. "त्येची जागा हाय ती."

आणि पदर सारखा करून ती मागच्या रांगेत गेली, लेकाच्या शेजारी ताठ उभी राहिली.