सोमवारची बाटली

काकांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि सिस्टरच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. ही हिची, ही माझी, असं सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती, बाटल्यांवर नावं चिकटवलेली होती.

"काकूंचे गुडघे काय म्हणतात?" सिस्टरनं विचारलं.

"आहेत तसेच. जिना उतरवत नाही तिला."

ही थाप आता आपोआप तोंडात यायची. काकू चार महिन्यांपूर्वी गेल्या होत्या. इथे ते काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण दवाखान्यातला हा अभ्यास म्हाताऱ्या जोडप्यांचा होता. कोण काय खातं आणि त्याचं हृदय कसं चालतं, हे डॉक्टरांना बघायचं होतं. खाण्याच्या बाबतीत माणसं बिनदिक्कत खोटं बोलतात, म्हणून नुसतं विचारून भागत नसे, लघवीही तपासत. मासा खाल्ला, फळ खाल्लं, पालेभाजी खाल्ली की लघवीत त्याची खूण उतरते म्हणे. घरात बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून काकूंना सोमवारची रात्र नेमून दिली होती आणि काकांना गुरुवारची. शुक्रवारी बाटल्या घेऊन आलं की सिस्टर समोर बसून विचारायची, काय काय खाल्लंत या आठवड्यात? काकांना हे विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. जोडपं मोडलं हे कळलं की आपलं येणंही बंद होणार, या धास्तीनं ते गप्प होते.

सोमवार मात्र त्यांना पुरत नसे. बाजारात जाऊन पालक निवडून आणायचा, कारण हिला एकही पिवळं पान चालत नसे. मासा वाफवायचा. संत्र्याच्या फोडींवरचे पांढरे धागेसुद्धा काढायचे, ही काढूनच खायची. मग तिच्या खुर्चीत बसून सगळं सावकाश संपवायचं आणि रात्री तिची बाटली भरायची. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. खोटं करायचं तरी ते चोख करायचं, हा त्यांचा खाक्या.

आज सिस्टरनं बाटल्या उचलल्याच नाहीत. तिनं उठून दार लोटलं आणि परत येऊन बसली.

"काका, हृदयाची गोळी तुम्ही रोज घेता ना?"

"न चुकता."

"ती काकूंच्या बाटलीतही निघाली. गेले काही महिने, प्रत्येक वेळी."

संत्र्याचे धागे आठवणीनं काढले आणि गोळी साफ विसरले. हिनंच चुकून घेतली असेल, असं म्हणावंसं वाटलं, पण जीभ रेटेना.

"ही गेली," ते म्हणाले. "चार महिने झाले."

सिस्टर रागावली नाही. तिनं हळू आवाजात सांगितलं, की काकूंची बाटली आता बंद करावी लागेल, पण काकांनी येत राहायचं. मागे राहिलेल्या माणसाच्या हृदयाचं काय होतं, तेही डॉक्टरांना बघायचंच असतं. आधी बोलला असतात तरी कुणी तुम्हाला घालवलं नसतं.

म्हणजे एवढ्या सोंगाची गरजच नव्हती. हे ऐकून काकांना हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांना फार एकटं वाटलं. घरी कुलूप उघडताना वाटायचं, त्याहून जास्त.

"मला दुसरंच विचारायचंय," सिस्टर म्हणाली. "काकूंच्या बाटलीत सगळं सापडतं. डॉक्टर परवा म्हणाले, अशी खाणारी बाई शंभर वर्षं जगेल. तुमच्या बाटलीत काहीच नसतं, काका. चहा आणि पावाचा तुकडा. माणूस तर एकच ना?"

काका टेबलाची कड नखानं खरवडत राहिले.

"एकट्यासाठी कुठे स्वयंपाक करत बसू," ते म्हणाले.

सिस्टरनं पुढच्या आठवड्याची रिकामी बाटली त्यांच्यासमोर ठेवली. काकांनी ती पिशवीत टाकली आणि सवयीनं दुसरीसाठी हात पुढे केला. मग लक्षात येऊन तो मागे घेतला, पिशवीचे बंद उगाच दोनदा ओढले आणि उठले.

दारापाशी जाऊन ते थांबले.

"एकच आहे, तर मग ही कधी भरू, सिस्टर?" त्यांनी विचारलं. "हिच्या वारी, की माझ्या?"