घर कोणाच्या नावावर

“पगाराचं सोडा, पगार सगळ्यांनाच दिसतो,” वकीलबाई म्हणाल्या. “पगाराबाहेर काय काय आहे, ते बोला.”

समोर दोघी बसल्या होत्या. घटस्फोट धाकटीचा होता, पण बोलत होती थोरली. धाकटी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, जणू कोणी तोही काढून घेणार होतं.

नवरा हाडांचा सर्जन. कमाई अशी की चार घरं आरामात चालावीत. तरी त्याने जेवता जेवता शांतपणे सांगितलं होतं, की वेगळं होऊया, पण देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, सगळं कर्जात आहे.

वकीलबाई विचारत गेल्या आणि थोरली धडाधडा सांगत गेली. क्लिनिकची वेगळी कंपनी आहे, अर्धी कमाई तिकडेच जिरते. एक्स-रे मशीनच्या कर्जाला जामीन म्हणून सही धाकटीची. तो पुढचं शिकत होता तेव्हा घर चाललं हिच्या बँकेतल्या नोकरीवर. क्लिनिक उघडल्यावर हिनेच नोकरी सोडून तिथला कारभार सांभाळला, तोही फुकटात.

“आधी जामिनाचं बघू,” वकीलबाई म्हणाल्या. “नाहीतर नवरा जायचा आणि हप्ते राहायचे.”

धाकटी पहिल्यांदाच किंचित हसली. मला फार काही नको, भांडण तर नकोच, असं पुटपुटली. असं म्हणणाऱ्या बायका काही वर्षांनी परत येतात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो, असं वकीलबाईंनी तिला ऐकवलं.

“खोटं बोलताना तो चष्मा पुसतो,” थोरलीने मध्येच पुरवलं. “कोर्टात लक्ष ठेवा.”

“जावयांवर बारीक नजर आहे तुमची,” वकीलबाई हसल्या. थोरली हसली नाही.

मग घराचा विषय निघाला. घर घेतलं डॉक्टरच्या पैशांनी, पण कागदावर नाव त्याच्या आईचं. ती राहतेही तिथेच. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. सगळ्यात मोठी मालमत्ता हीच होती. ती निसटली तर उरलेल्यात धाकटीला भाड्याची खोलीही धड परवडणार नव्हती.

“सासू कशी आहे?”

धाकटीने तोंड उघडलं, पण थोरलीचा हात तिच्या मनगटावर आला.

“खवट आहे,” थोरली म्हणाली. “आणि लेकावर जीव. एकुलता एक ना.”

“मग विसरा. पैसे मुलाचे, माझं नाव नुसतं लावलंय, असं सासूने स्वतः लिहून दिलं, तरच घर वाटणीत येईल. पण उद्या ते विकायची वेळ आली तर ती जाईल कुठे? मुलगा तर तोंडही बघणार नाही तिचं. कोणती बाई असा धोंडा स्वतःच्या पायावर पाडून घेईल?”

थोरली उठून खिडकीपाशी गेली. खाली कोणीतरी इवल्याशा जागेत गाडी घुसवायला पुढे-मागे, पुढे-मागे करत होतं.

वकीलबाईंना तिची दया आली.

“एकदा प्रयत्न तरी करा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आईचं काळीज आईलाच कळतं. विहीणबाईंना भेटा, मुलीसाठी पदर पसरा.”

“माझ्या विहीणबाई गेल्या वर्षीच वारल्या,” थोरली म्हणाली. “त्या असत्या तर आज हिच्यासोबत त्याच आल्या असत्या. सही कुठे करायची, तेवढं दाखवा.”