बर्फाचा सिनेमा

बर्फ पडायला लागला तशी दगडाबाईंनी पायांवर गोधडी ओढून घेतली.

बर्फ टीव्हीत पडत होता. बाहेर उस्मानपुऱ्यात दुपारचे तीन वाजले होते आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक होतील असं ऊन होतं. पण बर्फाचा सिनेमा लागला की सासूबाईंना हुडहुडी भरायची, त्याला सायलीकडे इलाज नव्हता.

मुलगा येणार म्हणून दगडाबाई सोयगावहून आठवडाभर आधीच येऊन बसल्या होत्या. विश्वजीत दीड वर्षापूर्वी जर्मनीतल्या एका कारखान्यात गेला होता. तिकडं नाताळाला कारखाना बंद राहतो, म्हणून सव्वीस तारखेचं त्याचं तिकीट होतं. तोवर सासूसुनांना रोज दुपारी एक सिनेमा. सगळी गोरी माणसं हिंदीत बोलायची आणि सगळ्यांची गोष्ट एकच. शहरातली नोकरीवाली पोरगी नाताळाला एखाद्या खेड्यात येते, तिथं एक दाढीवाला भेटतो, आधी भांडण, मग एकत्र बिस्किटं भाजणं आणि तीन दिवसांत आणाभाका. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," असं दगडाबाई दरवेळी म्हणायच्या आणि तरी टक लावून बघायच्या.

शेवटी बर्फात तो धावत यायचा. त्यापुढं काय होणार हे दोघींनाही माहीत असायचं. म्हणून सायली तेवढ्यात रिमोट दाबून सिनेमा पुढं पळवायची आणि दगडाबाईंना नेमका त्याच वेळी चष्मा पुसायचा असायचा. सात दिवसांत सात सिनेमे झाले होते, पण एकाचाही शेवट दोघींनी पाहिला नव्हता.

आजचा दाढीवाला शेतकरी निघाला. नाताळाची झाडं पिकवायचा.

"म्हंजी ही पोरगी नोकरी सोडून ह्या शेतकऱ्याच्या घरी नांदायला जाणार?" दगडाबाईंनी विचारलं.

"जाणारच."

"आमच्या भावकीत अकरा पोरं बिनलग्नाची हायेत. शेती हाय मनलं की पाव्हणे चहा बी घेत नायत. त्या बर्फापरीस ह्योच चमत्कार मोठा."

एरवी सायली पोट धरून हसली असती. आज तिनं नुसतं हसल्यासारखं केलं. सकाळीच विश्वजीतचा फोन आला होता. कारखाना बंद असतो तेव्हाच तिथल्या मशिनींची दुरुस्ती होते, आणि दुरुस्तीला नेमकं ह्यालाच थांबवून घेतलं होतं. मार्चमध्ये बघू, म्हणाला. लग्नानंतर दोघं एकत्र राहिली होती ती उणेपुरे पाच महिने. तो झोपेत कोणत्या कुशीवर वळतो, हेसुद्धा तिला आता खात्रीनं सांगता आलं नसतं. सासूबाईंना हे कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून जेवणं आटोपल्याबरोबर तिनं टीव्ही लावला होता.

हे सिनेमे पोरकट असतात, हे तिला का कळत नव्हतं? तो बर्फ साबणाच्या फेसाचा असणार, हेही कळत होतं. खरा बर्फ दोन दिवसांत काळा चिखल होतो, असं विश्वजीतच सांगायचा. पण या सिनेमांत कुणाची सुट्टी रद्द होत नसे. वादळ येवो, विमान चुको, माणूस सणाला दारात उभा राहायचाच. तेवढ्या एका गोष्टीसाठी सायली बाकीचा सगळा खुळेपणा आनंदानं पोटात घालायची.

पडद्यावर ठरल्याप्रमाणे गैरसमज झाला. दाढीवाला रागारागानं निघून गेला. दगडाबाई गोधडी सारून उठल्या, आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या.

सायली सावरून बसली. तो शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. विश्वा आल्याबिगर त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी तंबी होती. परवा शेजारच्या उजमानं वास आला म्हणून विचारलं, तर तिची केळ्यावर बोळवण झाली होती.

दगडाबाईंनी झाकण काढलं आणि एक लाडू सुनेच्या हातावर ठेवला.

"खा."

"आत्याबाई, अहो, हे तर..."

"आठवड्यानं पाणी येतंय हितं. अन् सकाळी तू मोरीत नळ सोडून निम्मी टाकी सांडली." त्या टीव्हीकडंच बघत होत्या. "रडल्याला आवाज भाईर येऊ नये मनून सांडली, ते कळत नाय व्हय मला? येत नाय ना विश्वा?"

सायलीनं मान हलवली.

"खा मग. ठेवले तर खवट होतेत."

सायलीनं लाडू तोंडात घातला. दगडाबाईंनीही एक घेतला, पण तो नुसताच हातात धरून बसल्या.

सिनेमा संपत आला. रेल्वे स्टेशनात बर्फ पडत होता. पोरगी बॅग घेऊन गाडीत चढणार, तेवढ्यात लांबून दाढीवाला पळत आला. केसांवर बर्फ, बुटांवर बर्फ, तोंडातून वाफा. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि तिचा चेहरा त्यानं ओंजळीत धरला.

सवयीनं सायलीचा हात रिमोटकडं गेला. दगडाबाईंचा हात आधीच त्याच्यावर होता. चष्मा आज डोळ्यांवरच होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "लई लांबून आलाय बिचारा."