सावित्रीचा नारळ

नारळी पौर्णिमा होऊन गेली, तरी वेंगुर्ल्याच्या बंदरात जगूशेठची गलबतं माल भरून, शिडं गुंडाळून उभीच होती. आणि गलबतांचे मालक जगूशेठ सावित्रीच्या दारात उभे होते.

"सावित्री, आज नारळ घालूया मा? मुंबयचे व्यापारी घाई करतत."

ती अंगणाच्या टोकाला जाऊन समुद्र बघून आली. "आज नको. दर्यो अजून शांत नाय, शेठ."

"बरा. तू सांगशीत तेव्हा."

शेठ छत्री उघडून निघून गेले. विधवेच्या हातचा नारळ समुद्राला कसा चालतो, असं गाव बोलतं. बोलणाऱ्यांची माणसं गलबतावर नसतात.

गेल्या साली शेठनी पौर्णिमेआधीच गलबत हाकारलं आणि सावित्रीचा नवरा लवू त्यासोबत बुडाला. काय हवं ते माग, असं शेठ तिला म्हणाले, तेव्हा तिने हा नारळ मागून घेतला. तिने तो समुद्राला दिल्याशिवाय शेठचं एकही गलबत बंदर सोडत नाही.

माझा नवरा त्यांच्या गलबतावरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. त्या दिवशीही गलबत सुटलं नाही म्हणून तो चिडचिडत घरी आला, जेवला आणि आडवा झाला. तिन्हीसांजेला माड वाकवणारा वारा सुटला. मी वाडग्यात नारळीभात घेऊन सावित्रीकडे गेले.

"ह्या कित्याक गो?"

मी वाडगा तिच्या पुढ्यात ठेवला.

"घोव जेवलो?" तिनेच विचारलं.

"जेवलो. आता घोरता."

"घोरूंदे," ती म्हणाली. "आयकत बस."