उकंडरावाचा बाजार

"तीन किलो वांगे?" रुखमाबाईनं थैली उपडी केली आणि कपाळाला हात लावला. "आपण दोन माणसं. तीन किलो वांगे कोण खाईन?"

"नवीन किलोचा अंदाज येत नाही मले," उकंडराव म्हणाला आणि पाय धुवायला मोरीवर गेला.

ऐका आता! चिखलीच्या धान्यबाजारात वीस वर्षं मापाडी असलेला माणूस. दिवसभर लोकांची ज्वारी तोलायची, दाणा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, आणि घरचा आठवडी बाजार करायला गेला की याची अक्कल कुठं चरायला जायची कोण जाणे. शेर होते तोवर बरा होता. शेर गेले, किलो आले, आणि दसऱ्यापासून त्याचं माप जे सुटलं ते सुटलंच.

आजही वांग्यांखाली चार जुड्या मेथी, एक भला मोठा भोपळा आणि दोन किलो तूरडाळ निघाली. त्या गल्लीत बाजार पुरुषांनीच करायचा, बायकांनी येईल ते निस्तरायचं. त्यात याचा नियम वेगळाच. आणलेलं वाया गेलेलं चालायचं नाही. पुढच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी स्वतः टोपली उचलून बघायचा.

"संपलं सारं?"

"हाव. संपलं."

"बरं झालं."

दोन माणसांत एवढं कसं संपलं, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. पुरुषाला कुठं कळतंय, असं रुखमाबाईला वाटायचं.

संपायचं ते मागच्या भिंतीवरून. भिंतीपलीकडे मोतीरामचं घर. तो ज्या जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस रेटायचा, तो जिन मालकांच्या भांडणात दसऱ्याच्या सुमारास बंद पडला. घरात बायको शालूबाई आणि तीन लेकरं. मोतीराम रोज काम शोधायला बाहेर पडायचा आणि तसाच परत यायचा. माणूस मोठा ताठ. उपाशी निजेल, पण कुणाचं फुकट घेणार नाही.

आणि नेमका त्याचाच उकंडरावाशी अबोला. मोतीरामच्या मोरीचं पाणी यांच्या अंगणात यायचं, त्यावरून उन्हाळ्यात कडाक्याचं वाजलं होतं. "त्या घरात आपल्या घरचं पाणीही जाणार नाही," असं उकंडरावानं भर गल्लीत सांगितलं होतं. त्याला कळलं असतं तर टोपली बंद. लेकरांनी काय खाल्लं असतं? म्हणून रुखमाबाईचा जीव सारखा टांगणीला.

"शालू, घे वं," ती भिंतीवरून टोपली पुढं करायची. "सडून जाईन नाही तं. कालच्या भाकरी बी हायेत, फोडणी देजो. मेथी आजच्या आज निवड, पिवळी पडून राह्यली."

शालूबाई टोपली पदराखाली घ्यायची. तिचे डोळे भरून यायचे. "ताई, आमच्या यायले मी सांगते, भावाच्या मळ्यातून आलं."

"आन् डाळ?"

"डाळ बी मळ्यातलीच!"

दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या.

भोपळ्याचा अर्धा घारग्यांना जायचा, अर्धा भाजीला. वांग्यांचं एक दिवस भरीत, एक दिवस रस्सा. रुखमाबाई आपल्या दोघांपुरतं ठेवायची आणि बाकी पलीकडे. मधली पोरगी भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून खायची, ते भिंतीवरून दिसायचं. तेव्हा रुखमाबाईला फार बरं वाटायचं. संध्याकाळी दिवा लावताना ती मनापासून हात जोडायची. देवा, ह्या माणसाले बाजार करता येत नाही, लय उपकार झाले तुहे.

एकदा मात्र फजितीच व्हायची वेळ आली. संक्रांतीच्या आधी ती भिंतीवरून डाळीचं गाठोडं देत होती आणि मागून खोकल्याचा आवाज आला. वळून बघते तर उकंडराव परसदारात. गाठोडं अजून दोघींच्या हातात.

उकंडरावानं आभाळाकडं पाहिलं. "ढग आले वाटते," म्हणाला आणि आत गेला.

आभाळ तर लख्ख होतं. पण रुखमाबाईला त्याचं काय? नजर कमी झाली म्हाताऱ्याची, तिनं मनात म्हटलं आणि देवापुढं खडीसाखर ठेवली.

माघात जिन नव्या मालकानं घेतला. मोतीरामला पहिल्याच दिवशी बोलावणं आलं. सकाळी तो डबा घेऊन निघाला तेव्हा शालूबाई मागच्या दारानं धावत आली आणि रुखमाबाईच्या पायाच पडली.

"ताई, तुमी होत्या म्हणून माहे लेकरं जगले. हे उपकार मी कसे फेडू?"

"ऊठ बाई, ऊठ. माहे कायचे उपकार?" रुखमाबाईनं तिला उठवून जवळ घेतलं. "माह्या घरच्या येड्याले माप समजत नाही, त्याचे उपकार मान."

त्यानंतरच्या बाजाराला उकंडराव थैली घेऊन आला. रुखमाबाईनं सवयीनं मोठी टोपली पुढं ओढली आणि थैली उपडी केली. पाव किलो वांगी, मेथीची एक जुडी, अर्धा किलो डाळ. तिनं थैली झटकली. आत काहीच नव्हतं.

"अहो, इतकंच?" ती घाबरली. "आज काऊन कमी आणलं? बरं नाही वाटून राह्यलं का?"

"मले काय झालं?" उकंडरावानं सदरा खुंटीला अडकवला. "मोतीराम लागला ना कामाले. आता दोन घरचा बाजार कायले करू?"